रेस दी, खाली जांभो लागतलो!

बर्फावर गाडी चालवण्यासाठी माझ्याकडे असलेली पात्रता अशी: जन्म आरोंद्याचा, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग. बालपण तेरेखोल नदीच्या काठी. तिथून समोर बघितलं की गोवा दिसतो आणि वर बघितलं की माडाची झापं. बर्फाशी पहिली ओळख शिरोड्याच्या बाजारात, बांगड्यांच्या टोपलीत. थंडी मोजायचं घरातलं एकमेव उपकरण म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी तेल थिजलं की आजी थंडी पडल्याचं जाहीर करायची आणि आम्ही कानाला मफलर गुंडाळून शाळेत जायचो. नऊ वाजता तेल वितळायचं आणि मफलर दप्तरात जायचा.

एवढ्या भांडवलावर मी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, भर हिवाळ्यात, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेऊन डोंगर चढायला निघालो. माझ्या मागून आणखी तीन गाड्या भरून मराठी कुटुंबं निघाली, निव्वळ माझ्या विश्वासावर. त्यांना भाबडं समजू नका. तो विश्वास मी कित्येक महिने तोंड चालवून कमावला होता.

माझं ड्रायव्हिंगचं शिक्षण काकांच्या मारुती व्हॅनवर झालं. मारुतीने ही व्हॅन १९८४ साली आणली, पुढे तिचं नाव ऑम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. पण आमच्या वाडीत ती शेवटपर्यंत 'व्हॅन'च राहिली. इंजिन मारुती ८०० चंच, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. फरक एवढाच की ८०० मध्ये ते पुढची चाकं फिरवायचं, व्हॅनमध्ये मागची. ते बसवलं होतं पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हर खालून शिजायचा. म्हणजे जड वस्तू सगळी पुढे आणि गाडी ढकलायचं काम मागच्या चाकांना. मागे माल भरलेला असला की व्हॅन कुठलाही चढ चढायची. रिकामी असली की पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरसुद्धा जागच्या जागी चाकं फिरवत बसायची.

यावर काकांची दोन सूत्रं होती. पहिलं: "मागे वजन नाय, तर गाडी नाय." म्हणून मिरगापासून गणपतीपर्यंत व्हॅनच्या मागच्या भागात उकड्या तांदळाचं पोतं नाहीतर नारळ असत. तेही नसतील तर बाजाराला जायचं काम नसलेला एखादा जाडजूड शेजारी असे. दुसरं सूत्र चिखलात रुतल्यावरचं. चाक फिरायला लागलं की काका ओरडायचे, "पाय काढू नको! रेस दी! खाली जांभो लागतलो!" आणि खरोखरच लागायचा. आमच्या तांबड्या चिखलाचा थर वीतभर, फार तर हातभर. चाक तो चिखल उडवत खाली उतरतं, जांभ्या दगडाला टेकतं आणि व्हॅन उसळी मारून बाहेर येते. उडालेला चिखल मागून ढकलणाऱ्यांच्या शर्टावर जातो. ती जागा घराण्यात पुतण्यांसाठी राखीव होती.

या दोन सूत्रांतलं पहिलं पोती उचलायला लावणारं, दुसरं मर्दानी. मी कुठलं लक्षात ठेवलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

पुढे शिकून मी चाकरमानी झालो, फक्त मुंबईच्या ऐवजी स्टुटगार्टला. ही दोन शहरं १९६८ पासून एकमेकांची भगिनी-शहरं असल्यामुळे मी गाव फारसं बदललं असं मानत नाही. नोकरी मिळाली तीही नेमकी. गाडी घसरायला लागली की तिला सावरणारी जी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तिच्या संगणकावरच्या चाचण्या करायची. ही यंत्रणा १९९५ साली मर्सिडीझ आणि बॉश या स्टुटगार्टच्याच दोन घराण्यांनी पहिल्यांदा रस्त्यावर आणली. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय, स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय यांचा ती सतत मेळ घालत असते. मेळ बसला नाही की एखाद्याच चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि ड्रायव्हरला कळायच्या आत त्याची अब्रू वाचवते. माझ्या पडद्यावर मी बर्फावरून असंख्य गाड्या अशा सुखरूप उतरवल्या. त्यांतल्या एकीतही मी बसलेलो नव्हतो, हा मुद्दा कोणी काढला नाही, आणि आपण होऊन काढण्याइतका मी गाफील नाही.

मग मी गाडी घेतली. जुनी, हाताने गिअर टाकायची, मागच्या चाकांवर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा काहीही दोष नव्हता.

"बर्फात मागच्या चाकांची गाडी?" आमच्यातले एक पुण्याचे गृहस्थ म्हणाले. त्यांच्याकडे पुढच्या चाकांची, पांढरी, विम्यासकट सगळं वेळेवर भरलेली गाडी होती.

इथून माझी व्याख्यानमाला सुरू झाली. विषय, हिवाळी टायर. वाढदिवस असो, भिशी असो, कोजागरी असो, मी सुरू. उन्हाळी टायरचं रबर थंडीत खोबरेल तेलासारखं थिजतं, मी सांगायचो. सात अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक होऊ लागतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं, ते थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या रस्त्यावर टेकताना उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावतात. हा टायर पहिल्यांदा १९३४ साली फिनलंडमध्ये ट्रकसाठी निघाला. जर्मनीत डिसेंबर २०१० पासून रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर सक्तीचे; नसतील तर आता साठ युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चित्र हवंच, नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरं चालत नाहीत. लोक ऑक्टोबरात टायर बदलतात ते थेट ईस्टरला पुन्हा बदलतात आणि मधल्या काळात उन्हाळी टायर पैसे भरून गॅरेजात मुक्कामाला ठेवतात. आमच्याकडे पाहुणेसुद्धा एवढे दिवस राहत नाहीत, आणि राहिले तर पैसे देत नाहीत.

ही सगळी माहिती खरी होती. म्हणूनच ती घातक ठरली. चुकीचं बोलणाऱ्याला कोणीतरी अडवतं. बरोबर बोलणाऱ्याच्या मागे लोक गाड्या घेऊन निघतात.

दोन माणसांनी मात्र मला हटकलं. एक खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा. त्यांनी माझे नवे टायर वाकून, बोटाने दाबून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "टायर उत्तम. आता डिकीत वाळूची गोणी टाक." मी हसलो. आजोबांचा जमाना गेला, आता संगणक आहे, असं त्या हसण्यात होतं. दुसरे काका, व्हिडिओ कॉलवर.

"मागे काय घातलंस?"

"काका, हय वजन पुढे-मागे अर्धा-अर्धा वाटलेला आसता. पोत्याची गरज नाय."

"मगे सासरच्यांक बसव."

मी विषय बदलला. सरकार इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ मारतं, असं सांगितलं. मिठाने पाणी गोठायचा बिंदू खाली जातो, फार कडक थंडी नसेल तोवर रस्ता ओला राहतो, गोठत नाही. काका गप्प झाले. शिरोड्याला मिठासाठी १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ही आमच्या पंचक्रोशीची मिरवायची गोष्ट. तिथल्या माणसाला सरकार स्वतः रस्त्यावर मीठ ओततं, हे पचायला जड गेलं.

"एवढा मीठ?" ते शेवटी म्हणाले. "रस्तो लोणच्याक घालतत काय रे?"

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. बेत असा: ए-८१ महामार्गाने हॉर्ब, तिथून फ्रॉयडनश्टाट, मग क्नीबिसवरून ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यामाथ्याने जाणारा बी-५०० रस्ता धरून मुमेलझे नावाच्या तळ्यापर्यंत. तळं हजार मीटरच्या वर, म्हणजे आंबोलीपेक्षा उंच, महाबळेश्वरपेक्षा ठेंगणं. माझ्या गाडीत पुढे बायको, मागे सासूबाई आणि मुलगा. काकांचा सल्ला नकळत अर्धा पाळला गेला होता. डिकीत फक्त माझं जॅकेट. मसालेभाताचं पातेलं, पाण्याचे क्रेट आणि मुलांच्या घसरगाड्या बाकीच्या तिघांकडे, कारण म्होरक्याची गाडी हलकी असावी, असा नियम मी स्वतःच केला होता.

बी-५०० वर गाडी अशी चालली की मलाच तिचा अभिमान वाटू लागला. दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ, सूचिपर्णी झाडं पांढरीशुभ्र, आणि मध्ये काळा, ओला, मीठ मारलेला रस्ता. पहाटेपासून कोणीतरी यंत्र फिरवून तो साफ केला होता. श्रेय मी टायरना दिलं, आणि टायर निवडणारा कोण, हे गाडीतल्या सर्वांना माहीत होतं.

तळ्याजवळ गाड्यांची ही गर्दी. तेव्हा मला अलीकडचा एक जंगलातला फाटा दिसला. वर उघडं माळरान, मुलांना घसरायला उत्तम. फाट्यावर पाटी होती: पुढे हिवाळ्यात रस्ता साफ केला जात नाही. ती मी वाचली. ही सूचना उन्हाळी टायरवाल्यांसाठी असणार, असा अर्थ लावला आणि इंडिकेटर दिला. मागच्या तिघांनीही दिला.

चढ म्हणावा असा चढ नव्हता. आमच्या किरणपाणीच्या जेटीकडे उतरताना लागतो, तेवढाच. गाडी छान चढत होती. अर्ध्यावर मी थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं. मागचे येताहेत ना, ते बघायचं होतं आणि खिडकीतून हात काढून 'या, या' करायचं होतं. बर्फातल्या चढावर चालू गाडी कधी थांबवायची नाही, हे मी स्वतः कोजागरीला दूध आटवता आटवता सांगितलं होतं.

हात आत घेतला, पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हलेना. इंजिन नुसतं कण्हत होतं आणि समोर एक पिवळा दिवा लुकलुकत होता. तो दिवा म्हणजे माझी नोकरी. चाक घसरतंय म्हणून यंत्रणा इंजिनाचा जोर कापत होती. खोल बर्फातून निघताना ती थोडी ढिली करावी, चाकाला जरासं फिरू द्यावं, असं गाड्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. मी बटण दाबून ती बंद केली. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध.

यापुढचं शास्त्र असं: दुसरा गिअर टाका, पाय अलगद ठेवा, चाकाला बर्फ हळूहळू धरू द्या. बर्फाची चिखलाच्या अगदी उलट रीत. चिखलात टायरची नक्षी भरली की टायर गुळगुळीत होतो आणि कामातून जातो; बर्फात नक्षीत बर्फ भरणं चांगलं, कारण बर्फाला बर्फ रबरापेक्षा घट्ट धरतो. चिखलात चाक जोराने फिरवलं की खाली दगड लागतो. बर्फात जोराने फिरवलं की घर्षणाने वरचा थर वितळतो, लगेच गोठतो आणि चाकाखाली आरसा तयार होतो. हे मला ठाऊक होतं, पडद्यावर कित्येकदा पाहिलं होतं. पण मागे तीन गाड्या उभ्या होत्या, पुण्याच्या गृहस्थांचा चेहरा काचेत दिसत होता, आणि अशा वेळी माणसाच्या पायात त्याचं गाव उतरतं. कानात काकांचा आवाज आला: रेस दी!

दिली.

जांभो लागलो नाय. मागची दोन्ही चाकं भन्नाट फिरू लागली. फिरणाऱ्या चाकाला आडवीही पकड राहत नाही; त्यामुळे गाडीचं बूड निवांतपणे डावीकडे सरकायला लागलं. अशा वेळी बूड जिकडे जातं तिकडेच स्टिअरिंग वळवायचं असतं. वळवलं. प्रेक्षक असल्यामुळे जरा जास्तच वळवलं. मग बूड उजवीकडे निघालं. त्यानंतर गाडीने माझं मत विचारणं बंद केलं. ती चालणाऱ्या माणसाच्या वेगाने मागे घरंगळत, स्वतःभोवती वळत गेली आणि मागची चाकं कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतवून, नाक उताराकडे करून बसली. समोर तीन गाड्या, त्यांच्या काचांमागे तीन मोबाईल.

सासूबाईंनी डोळे उघडून विचारलं, "आलं का तळं?"

मागच्या गाडीतली मुलं टाळ्या वाजवत उतरली. त्यांना वाटलं हे मुद्दाम केलंय. "काका, परत करा ना!"

तेवढ्यात खालून एक लहानशी, पुढच्या चाकांची गाडी आली. चालवत होत्या सत्तरीच्या एक बाई. अशा गाडीत इंजिनाचं ओझं नेमकं फिरणाऱ्या चाकांवरच असतं, म्हणून अशा हलक्या चढावर ती निमूट चढून जाते. बाईंनी आमच्याकडे हात केला, आम्हा सगळ्यांच्या कडेने वाट काढली आणि न थांबता वर गेल्या. चढावर थांबू नये, हे त्यांनी कोणाला कोजागरीला सांगितलेलं नव्हतं.

मी हुकूम सोडला: सगळे उतरा, गाडी हलकी करा, ढकला. सासूबाईंसह सगळे उतरले. गाडी हलकी झाली आणि मागची चाकं आणखी सुखाने जागच्या जागी फिरू लागली. ढकलता ढकलता मी लोकांचा धीर वाढवायला सांगितलं की, गाडी ढकलणं ही याच मुलखाची परंपरा आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीन चाकी मोटार घेऊन मानहाइमहून याच ब्लॅक फॉरेस्टच्या टोकाशी असलेल्या फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी गेल्या. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. तीही गाडी मागच्या चाकांवरच चालायची आणि चढ आला की त्यांच्या दोन मुलांना उतरून ढकलावं लागायचं.

"पण त्या पोचल्या," बायको म्हणाली, आणि तिने आरोंद्याला व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे संध्याकाळ होत आली होती. काकांनी गाडी पाहिली, ढीग पाहिला, बाहेर कुडकुडत उभी असलेली माणसं पाहिली.

"सगळ्यांका भायर कित्याक काढलंस? आत बसव! मागे बसव! आणि त्या टोपात काय आसा?"

"मसालेभात."

"तोय मागे घाल."

मग ते झालं जे निघतानाच व्हायला हवं होतं. मसालेभाताचं पातेलं डिकीत, पाण्याचे क्रेट डिकीत, चार कुटुंबांच्या बॅगा डिकीत. मागच्या सीटवर सासूबाई, पुण्याचे गृहस्थ आणि आमचे नागपूरचे मित्र. या मित्रांचं वजन हा एरवी विनोदाचा विषय, त्या दिवशी मात्र सगळ्यांनी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. फाट्यापाशी रस्त्यावर टाकायच्या बारीक खडीची पेटी होती. तिच्यातली खडी पातेल्याच्या झाकणात भरून आणून चाकांपुढे पसरली. स्टिअरिंगवर बायको. मला मागे ढकलायला पाठवलं. ती पुतण्याची जागा मी विसरलो नव्हतो.

एवढी माणसं एकत्र जोर लावायची तर ताल हवा. मला एकच ताल येत होता, गाऱ्हाण्याचा.

"बा देवा म्हाराजा!" मी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" बायकोने स्टिअरिंगवरून साथ दिली. पुढच्या खेपेला सगळ्यांनी दिली.

"आज ही गाडी परमुलखात, बर्फात रुतली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चालवणाऱ्याची जी काय चूकभूल झाली असात, ती पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठ्याने आला.

"आणि जो कोण हेचो व्हिडिओ काढता, तेचो मोबाईल हयच बंद पाड म्हाराजा!"

बायकोने दुसरा गिअर टाकला, पाय अलगद ठेवला आणि गाडी न कण्हता, न उडता, ढिगातून बाहेर आली. माझ्या जॅकेटवर बर्फाचा कणही उडाला नाही. गाडी चांगली चालवल्याचा याहून मोठा पुरावा नाही. मोबाईल एकही बंद पडला नाही. व्हिडिओ संध्याकाळच्या आत आरोंद्याला पोचला, तिथून सावंतवाडी, मुंबई, दुबई. त्यात माझ्या गाऱ्हाण्याला दाद मिळाली. ड्रायव्हिंगवर कोणी बोललं नाही, तेवढी माणुसकी अजून शिल्लक आहे. परतीच्या वाटेवर बायकोने विचारलं, "हा पिवळा दिवा अजून का जळतोय?" ज्या यंत्रणेच्या चाचण्यांवर माझं घर चालतं, ती मी अजून बंदच ठेवली होती.

सोमवारी मी इंडियन स्टोअरमधून उकड्या तांदळाची वीस-वीस किलोची दोन पोती आणली. वाळू का नाही? वाळू बर्फ गेल्यावर टाकायला जागा शोधावी लागते. पोती डिकीत मागच्या सीटच्या पाठीला टेकवून पट्ट्याने बांधली. सुटी ठेवली तर जोराचा ब्रेक लागताच ती आधी पुढे येतात. खालच्या आजोबांनी पाहिलं आणि हे वाळूचं भारतीय रूप असावं, असं समजून मान डोलावली. गाडी अशी सरळ चालू लागली की काकांना फोन करून मी पहिल्या सूत्राची जाहीर माफी मागितली.

अडचण एकच. तांदूळ ही वाळू नव्हे. थंडीत पेज बरी लागते. सासूबाई उन्हाळ्यापर्यंत राहणार होत्या आणि उकड्या भाताशिवाय त्यांचं पान हलत नाही. डिकीतून रोज मापटंभर तांदूळ वर येऊ लागला. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी पार्किंगमधून निघताना गाडीचं बूड पुन्हा किंचित डावीकडे सरकलं.

मी वर बायकोला फोन केला. "अगं, तांदूळ संपत आलाय."

"मग आजपासून पोळ्या," ती म्हणाली. "आणि वळणावर हळू."